ओट्याचा ताळेबंद

शब्दांनाही कधीकधी बिऱ्हाड हलवावं लागतं. 'ओटा' हा असाच बिऱ्हाड हलवलेला शब्द आहे. दोन पिढ्यांपूर्वी ओटा म्हटलं की घरापुढचा मातीचा, नाहीतर दगडी चौथरा डोळ्यांपुढे यायचा. त्यावर पुरुषमंडळी बसायची, पानाचं तबक फिरायचं, आल्यागेल्याची विचारपूस व्हायची. पुढे माणसं गाव सोडून शहरातल्या चाळीत आली, चाळीतून फ्लॅटमध्ये गेली आणि घरापुढे ओटा बांधायला जागाच उरली नाही. शब्द मात्र मेला नाही. तो मुकाट्याने उंबरठा ओलांडून आत आला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. बसण्याचा ओटा उभं राहण्याचा झाला, पुरुषांचा होता तो बायकांचा झाला आणि विश्रांतीचा होता तो कामाचा झाला.

हे स्थलांतर घडवून आणलं ते गॅसने. चूल आणि शेगडी जमिनीवरची. त्यांच्यापुढे पाट घेऊन बसायचं. पन्नासच्या दशकात मुंबईत बर्मा शेलचा गॅस आला, १९६५ साली इंडेनचे सिलिंडर आले आणि मध्यमवर्गाच्या घरात हळूहळू स्वयंपाक उभा राहिला. सिलिंडर खाली, शेगडी वर, म्हणून ओटा हवा. तो बहुधा काळ्या कडप्प्याचा असे, कारण तो स्वस्त, टिकाऊ आणि कुठल्याही गवंड्याच्या हाताला सरावलेला. आमच्या पिढीतल्या बहुतेकींचं अर्धं आयुष्य या काळ्या लादीपुढे गेलं आहे.

आता हे ओटे म्हातारे झाले आहेत. काळा रंग राखाडी पडला आहे, लिंबू-चिंचेचे पांढुरके डाग कायमचे बसले आहेत, कडांचे टवके उडाले आहेत आणि सिंकपाशी दोन लाद्यांचा सांधा उघडा पडून त्यात झुरळांची वसाहत झाली आहे. मग एखाद्या दिवाळीच्या तोंडावर घरात विषय निघतो. 'एकदाच काय तो खर्च करून टाकू आणि नवा बसवू' असं म्हणणारा एक पक्ष. 'चाललंय ना, चालू दे' म्हणणारा दुसरा. अलीकडे एक तिसरा पक्ष उभा राहिला आहे. तो म्हणतो, 'रंगवून घेऊ.' आता भिंती रंगवतात, दारं रंगवतात, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात. ओटा कुणी रंगवतं का? पण रंगवतात. आणि या तिसऱ्या पक्षाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते नीट तपासून पाहण्यासारखं आहे.

तपासण्याची मला सवय आहे. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. लिहिण्याचा उद्योग रात्रीचा. दिवसा घरबांधणीच्या आणि घरदुरुस्तीच्या कर्जांच्या फायली. दुरुस्तीच्या अर्जासोबत कंत्राटदाराचं अंदाजपत्रक जोडलेलं असे. त्यात ओटा 'रनिंग फुटा'त यायचा. दगडाची जात, लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये, कडेच्या गोलाईचा दर वेगळा, सिंकसाठी भोक पाडण्याचा वेगळा. इतकं सगळं बारकाईने लिहिलेलं असे. उंचीचा रकाना मात्र एकाही अंदाजपत्रकात पाहिल्याचं मला आठवत नाही. आणि अर्जदार म्हणून ज्यांची सही असे ते गृहस्थ बहुतेक वेळा त्या ओट्यापाशी पाण्याचा ग्लास भरण्यापुरतेच उभे राहणारे असत.

ओट्याला तीन प्रकारचं दुखणं होतं. एक पृष्ठभागाचं: डाग, ओरखडे, गेलेली चकाकी. दुसरं सांध्यांचं आणि उताराचं: पाणी मुरणं, पाणी तुंबणं, लादी हलणं. तिसरं उंचीचं. रंग यातलं पहिलं दुखणं बरं करतो, दुसरं नीट बुजवून घेतलं तर थोडंफार झाकतो आणि तिसऱ्याला तो हातही लावत नाही. ओटा रंगवावा की बदलावा, हा प्रश्न म्हणूनच पैशाचा नंतर आणि निदानाचा आधी आहे.

पहिल्या दुखण्यापासून सुरुवात करू. कडप्पा हे नाव आंध्र प्रदेशातल्या जिल्ह्यावरून आलं. दगड आहे चुनखडकाच्या जातीचा. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि त्याचं आम्लाशी वैर. लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर यांतलं काहीही सांडून तसंच राहिलं, की दगडाचा वरचा पापुद्रा विरघळतो आणि तिथली चकाकी जाते. आपण ज्याला डाग म्हणतो तो खरं म्हणजे डाग नसतोच. ती झीज असते. म्हणून तो घासून निघत नाही. उलट काही उत्साही मंडळी संडासात वापरायचं ॲसिड आणून ओट्यावर ओततात, फसफस होते, मळ निघाल्यासारखा वाटतो आणि दगड आणखी खडबडीत होतो. सुरीच्या पोलादापेक्षा हा दगड मऊ, त्यामुळे ओरखडेही सहज पडतात. पण त्याच मऊपणाचा फायदा असा की त्याला पुन्हा पॉलिश करणं सोपं. मशीन आणून, पाणी सोडून, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत पायरीपायरीने घासलं की तीस वर्षांचा कडप्पा पुन्हा तुकतुकीत काळा दिसतो. तेव्हा ज्यांचा ओटा शाबूत आहे आणि ज्यांना काळ्या रंगाचं वावडं नाही, त्यांनी रंगाच्या डब्याकडे वळण्याआधी पॉलिशवाल्याला बोलवावं, हे बरं.

पण काळ्या रंगाचं वावडं असणं हेही खरं कारण आहे. कोथरूडला माझ्या चुलतभावाकडचं स्वयंपाकघर उत्तरेला तोंड करून, खिडकी अरुंद, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भर दुपारी दिवा लावावा लागे. काळ्या ओट्यावर काळी मोहरी सांडली की हाताने चाचपून गोळा करायची. वहिनींनी ग्रॅनाइटचं अंदाजपत्रक मागवलं, ते ६२ हजारांचं आलं. ही गोष्ट २०२१ सालची. भाऊ नुकताच निवृत्त झालेला. वहिनी म्हणाल्या, "मला उजेड हवाय गं, दगड नकोय." हे वाक्य मला फार आवडलं. आपल्याला नक्की काय हवं आहे हे असं एका वाक्यात सांगता आलं, तर बँकांची निम्मी कर्जं वाटली जाणार नाहीत.

त्यांनी ओटा रंगवायचं ठरवलं आणि सगळं काम मी जवळून पाहिलं. पहिला रंगारी आला तो ऑइलपेंट मारून देतो म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवला. ऑइलपेंट दारंखिडक्यांसाठी ठीक. ओट्यावरचं रोजचं पाणी आणि गरम भांडी त्याला सोसत नाहीत. तो मऊ पडतो, चिकट होतो आणि पापुद्र्याने सुटतो. इथे हवा इपॉक्सी रंग. तो दोन डब्यांत येतो: एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं द्रव्य. सांगितलेल्या प्रमाणात दोन्ही एकत्र केलं की आत रासायनिक क्रिया सुरू होते, आणि ठराविक वेळात तो वापरून संपवावा लागतो. उरला तर डब्यातच दगड होतो. विरजण लावल्यासारखंच आहे. एकदा लागलं की मागे फिरता येत नाही.

रंग मारणं हे काम अर्ध्या दिवसाचं. त्याआधीची तयारी चार दिवसांची. दिवाळीला ओटा काळाभोर दिसावा म्हणून आपल्याकडे त्याला खोबरेल तेल चोळायची पद्धत आहे. वर्षानुवर्षांचं हे तेल, फोडण्यांचा तवंग, तुपाचे ओघळ हे सगळं दगडाच्या रंध्रांत गेलेलं असतं आणि तेलावर कुठलाच रंग धरत नाही. म्हणून आधी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी यांनी ओटा दोनतीनदा खरवडून धुतला. टवके आणि सांधे इपॉक्सी लांबीने भरले, सिंकच्या कडेची जुनी भेग उकरून ती नव्याने भरली. मग ओला पॉलिशपेपर मारून सगळा पृष्ठभाग थोडा खरखरीत केला, कारण गुळगुळीत दगडावर रंगाला पकड मिळत नाही. मग दोन दिवस पंखा लावून वाळवला. दगडात ओल राहिली तर रंगाला फोड येतात. पावसाळ्यात हा उद्योग न करणं उत्तम. त्यानंतर प्रायमर, त्यावर एक दिवसाच्या अंतराने रंगाचे दोन हात. या सगळ्या काळात गॅसचा सिलिंडर घराबाहेर होता. कारण थिनरची वाफ आणि ज्योत यांची गाठ पडता कामा नये. रंगाऱ्याच्या हातात रबरी मोजे होते, कारण ते घट्ट करणारं द्रव्य कातडीला लागलं तर पुरळ उठते आणि काहींना ती सवय कायमची जडते. खिडकी सताड उघडी. आणि रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला तरी पुढे आठवडाभर त्यावर पाणी नाही आणि वजन नाही. आठवडाभर भावाने आणि वहिनींनी हॉलमध्ये इंडक्शनच्या शेगडीवर मुगाची खिचडी करून खाल्ली.

सगळा खर्च मजुरीसकट ७,२०० रुपये. रंग फिकट राखाडी, त्यात काळे-पांढरे ठिपके. शुभ्र पांढरा मी सुचवला नव्हता आणि त्यांनाही नको होता. हळद कुठल्याही रंगाला सोडत नाही, आणि पांढऱ्यावर ती चारचौघांत नाव काढते. २०२५ च्या दिवाळीत मी तिकडे गेले तेव्हा ओटा धडधाकट होता. गॅसच्या बाजूला एक तपकिरी वर्तुळ होतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी चुलीवरून उतरवलेली कढई तशीच टेकवली होती. इपॉक्सीला उकळत्या भांड्याचा चटका सहन होत नाही. म्हणून वहिनींच्या ओट्यावर आता आजीच्या काळासारखी एक सुती चुंबळ कायमची असते. खलबत्ता जमिनीवर गेला. नारळ ओट्याच्या कडेवर फोडायचा नाही, भाजी थेट ओट्यावर चिरायची नाही, पोळी ओट्यावर लाटायची नाही. रंगवलेल्या ओट्याशी असं थोडं सांभाळून वागावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ओटा रंगवण्याची कल्पना आली ती पाश्चात्य देशांतून, आणि तिकडचा ओटा वेगळा. तिथे पुष्कळ घरांत लाकडी भुश्याच्या दाबलेल्या फळीवर लॅमिनेटचा पातळ थर असतो. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो, त्याच कुळातला. या कुळातलं 'फॉर्मायका' हे नावही मजेदार आहे. १९१३ साली अमेरिकेत सिनसिनाटीला ही कंपनी निघाली ती विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायचं द्रव्य बनवायला. अभ्रकाला इंग्रजीत मायका म्हणतात, म्हणून मायकाऐवजीचं ते फॉर्मायका. पुढे ते टेबलांवर आणि ओट्यांवर चढलं. असा थर जुना झाला की त्याला पॉलिश करता येत नाही, घासला तर तो संपतोच. तेव्हा त्यांना रंगवणं हा सरळ मार्ग. शिवाय तिकडे ओटा पुसतात. आपल्याकडे तो धुतात. रात्रीची भांडी आवरली की बादलीभर पाणी ओतून, काथ्याने घासून, हाताने पाणी सिंककडे लोटल्याशिवाय आपला दिवस संपत नाही. त्यांच्या रंगाला पुसण्याची परीक्षा द्यावी लागते, आपल्याला धुण्याची. म्हणून तिकडचा सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आता पैशाचं. मॉड्युलर किचनसकट ओटा बदलायला दोन लाख लागणार असतील आणि ते कर्जाने उभे करायचे असतील, तर १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी दरमहा सुमारे ४,४५० रुपयांचा हप्ता बसतो. पाच वर्षांत व्याजापोटी जातात सुमारे ६७ हजार. म्हणजे वहिनींसारखा ओटा नुसत्या व्याजाच्या पैशात नऊ वेळा रंगवून होतो. शिवाय अंदाजपत्रकात न दिसणारे खर्च वेगळेच: ओटा काढताना भिंतीच्या टाइल्स फुटतात, जुना नळ हलतो आणि खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागतं, राडारोडा उचलायला टेम्पो लागतो, आणि दहा-पंधरा दिवस जेवण बाहेरून येतं. हा झाला शुद्ध व्यवहार, आणि या व्यवहारात रंग आणि पॉलिश यांचं पारडं निर्विवाद जड आहे.

पण ताळेबंदात फक्त रोख रक्कम धरायची नसते, देणीही धरायची असतात. ओट्याच्या हिशेबात दोन माणसांची देणी कुणी मांडत नाही. त्यातलं पहिलं माणूस ओट्यापुढे उभं राहणारं.

आमचा डोंबिवलीचा फ्लॅट १९८६ सालचा. ओट्याची उंची ३४ इंच. ती कुणी ठरवली, कशावरून ठरवली, हे कळायला मार्ग नाही. सगळ्या इमारतीत तीच. माझ्या सासूबाईंची उंची चार फूट नऊ इंच. ओटा ३४ इंच, त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर. कुकरच्या आत वाकून पाहायचं तर टाचा उंचवाव्या लागत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माळ्यावरून जेवणाचा पाट खाली काढला आणि ओट्यापुढे ठेवला. पुढची तेवीस वर्षं त्या पाटावर उभं राहून त्यांनी स्वयंपाक केला. जो पाट बसण्यासाठी केला होता, तो उभं राहण्यासाठी वापरला. सिंककडे जायचं तर पाटावरून उतरायचं, गॅसकडे यायचं तर पुन्हा चढायचं. दिवसातून किती वेळा, ते मोजायचं कुणाच्याही मनात आलं नाही, त्यांच्याही नाही.

२००९ साली आमच्याकडे ओट्याचा विषय निघाला. मिस्त्री म्हणाला, "ताई, तोडफोड कशाला? जुन्या ओट्यावरच नवीन ग्रॅनाइट चढवू. दोन दिवसांत काम संपेल." बदलण्याच्या प्रकारांत हा सगळ्यात स्वस्त, आणि ज्यांचा ओटा बुटका आहे त्यांच्यासाठी उत्तमही. मी कागदावर आकडे मांडत बसले होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मिस्त्रीला त्यांनी विचारलं, "वर किती जाडी येईल रे?" तो म्हणाला, "मसाला धरून दीड इंच, आजी." त्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग आपला पाट पुरेल ना गं?"

त्या एका प्रश्नाने अंदाजपत्रक बदललं. वर चढवण्याचं रद्द झालं. गॅसच्या बाजूचा चार फुटांचा तुकडा तोडून तो चार इंचांनी खाली घेतला आणि बाकीचा लांब ओटा कडप्प्याचाच ठेवून पॉलिश केला. दोन उंचींचा ओटा पाहून मिस्त्रीला ते काम विचित्र वाटलं, शेजारणींनाही वाटलं. सासूबाईंनी पाट पुसून माळ्यावर ठेवून दिला. त्या वेळी त्यांचं वय बहात्तर होतं.

ही उंची ठरवायला शास्त्र लागतं ते अगदी साधं. अनवाणी सरळ उभं राहावं, हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजावं. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्याची, मळण्याची, निवडण्याची उंची मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. तिचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं. तेव्हा तिला ओटा हवा ३२ ते ३४ इंचांचा. पाच फूट सहा इंच उंचीच्या मुलीला किंवा मुलाला तो ३६-३७ इंचांचा हवा. आणि शेगडी व भांडं यांची उंची वेगळी धरावी लागत असल्यामुळे गॅसची जागा यापेक्षा खाली हवी. उंच ओट्यापुढे खांदे दुखतात, बुटक्या ओट्यापुढे कंबर. दोन्ही दुखण्यांना आपण 'आता वय झालं' असं म्हणून मोकळे होतो.

हे कुणाच्या लक्षात आलंच नव्हतं असं नाही. १९२६ साली फ्रँकफुर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक छोटंसं स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. बाईला किती पावलं चालावी लागतात, हात कुठवर पोचतो याचा विचार करून आखलेलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. त्यातली मला सगळ्यात भावलेली वस्तू म्हणजे खिडकीपाशी बसून काम करण्यासाठी ठेवलेलं, उंची कमीजास्त करता येणारं फिरतं स्टूल. स्वयंपाकघरात बसायची सोय! आपण जमिनीवरून उठून ओट्यापाशी उभे राहिलो, ते उभेच राहिलो.

हिशेबातलं दुसरं न धरलेलं माणूस म्हणजे दगड कापणारं. २००९ च्या त्या कामात ग्रॅनाइटचा एवढासा तुकडा कापायला मिस्त्रीबरोबर एक मुलगा आला होता, एकोणीस-वीस वर्षांचा. जिन्याच्या मोकळ्या जागेत तो उकिडवा बसून कटर चालवत होता. नाकावर रुमाल. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. मी म्हटलं, "अरे, पाणी मारून काप ना." तो म्हणाला, "ताई, पाण्याने चिखल होतो जिन्यात. सोसायटीवाले ओरडतात." त्याचं म्हणणं खरं होतं. जिना स्वच्छ राहावा म्हणून ती धूळ त्याच्या छातीत जात होती.

दगडाच्या या धुळीत स्फटिकी सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण रुमालातून आरपार जातात, फुप्फुसांत रुततात आणि वर्षानुवर्षांनी तिथे व्रण धरतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातल्या नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत तो होता. पण जिन्यात बसलेल्या मुलाला कारखाना कुठला? ग्रॅनाइटपेक्षाही धोका जास्त तो 'क्वार्ट्झ' म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडाच्या पाट्यांचा. दगडाचा भुगा राळेत बांधून केलेल्या या पाट्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक सिलिका असू शकते. तरुण कारागिरांना रोग होऊ लागल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा पाट्यांवर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश. आपल्याकडे त्या राजरोस मिळतात. घरात बसवलेली पाटी घरच्यांना काही करत नाही. जे काही होतं ते कापताना, कापणाऱ्याला.

अर्थात रंगाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर असू नये, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता आहे. ओट्याखालच्या फळ्यांवर, जुन्या दारांवर तो रंग असेल तर कोरडा पॉलिशपेपर मारून त्याची धूळ उडवू नये. ओलं करून घासावं आणि लहान मुलांना लांब ठेवावं. दगड असो की रंग, पाणी मारून काम करा, हा एकच सल्ला दोन्हीकडे लागू पडतो.

मग करायचं काय? माझा हिशेब मी सांगते. ओट्याची उंची ठीक असेल, लादी हलत नसेल आणि तक्रार फक्त रूपाची असेल, तर ओटा फोडू नये. काळा चालत असेल तर पॉलिश करावं, उजेड हवा असेल तर चांगल्या इपॉक्सी रंगाने रंगवावं आणि वाचलेल्या पैशाची मुदत ठेव करावी. अशा रंगवण्यात काटकसर आहे, पण कमीपणा काही नाही. सांधे गेले असतील तर आधी सांधे, मग रंग. ओल्या भेगेवर रंग मारणं म्हणजे थकीत कर्जावर नवं कर्ज देण्यासारखं आहे; कागद तेवढा चांगला दिसतो. आणि उंचीच चुकीची असेल, तर तिथे काटकसर करू नये. सगळा नको, निदान गॅसच्या बाजूचा चार फुटांचा तुकडा फोडावा, पण तो फोडावाच. त्या वेळी दगड कापणाऱ्याला पाण्याचा पाइप जोडून द्यावा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवावं की जिना संध्याकाळी आम्ही धुऊन देऊ. या धुण्याला एक बादली पाणी आणि अर्धा तास लागतो.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी त्याच्या तळाशी दोन ओळी आपल्या हाताने लिहाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. पहिली : जमिनीपासून उंची अमुक इंच. दुसरी : दगड ओला करून कापणे. आणि पहिल्या ओळीतला आकडा भरण्याआधी टेप घेऊन स्वयंपाकघरात जावं, आणि तिथे रोज जी उभी असते तिला दोन मिनिटं कोपर वाकवून सरळ उभं राहायला सांगावं.